दूरमापन: उपग्रहापासून हातातल्या फोनपर्यंत

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम अधिसूचित केले आणि २०२३ च्या अधिनियमाची अंमलबजावणी अखेर टप्प्याटप्प्याने सुरू झाली. या अधिनियमाच्या सहाव्या कलमात एक छोटे उदाहरण दिलेले आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे एक ॲप वापरणाऱ्या व्यक्तीकडून दोन गोष्टींसाठी संमती मागते: सल्ल्यासाठी लागणारी वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी आणि फोनमधील संपर्कयादी वाचण्यासाठी. ती व्यक्ती दोन्हींना होकार देते. कायदा म्हणतो, वैद्यकीय सल्ल्यासाठी संपर्कयादीची गरज नाही. म्हणून हा होकार पहिल्या गोष्टीपुरताच मानला जाईल.

दिलेल्या संमतीलाही हेतूची मर्यादा असते, हे तत्त्व भारतातील सर्वसाधारण कायद्यात इतक्या स्पष्टपणे प्रथमच आले. त्यामागचा प्रश्न मात्र विज्ञानाला नवा नाही. एखादी राशी मोजण्यापूर्वी ती कशासाठी मोजायची, हे प्रयोगकर्त्याला सांगावेच लागते. संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या फोनवरून आणि संगणकावरून गुपचूप गोळा होणाऱ्या माहितीला आज 'टेलिमेट्री' म्हणतात. हा शब्द प्रयोगशाळेतून आला आणि येताना तो प्रश्न मागेच राहिला. तो कसा राहिला, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

टेलिमेट्री म्हणजे दूरमापन. जिथे माणूस पोहोचू शकत नाही तिथे उपकरण पाठवायचे आणि त्याने मोजलेले आकडे दूर बसून मिळवायचे. जानेवारी १९२९ मध्ये फ्रान्समध्ये रोबेर ब्युरो यांनी रेडिओ प्रक्षेपक जोडलेला हवामानाचा फुगा सोडला आणि वरच्या वातावरणाची माहिती फुगा खाली येण्याची वाट न पाहता मिळू लागली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघात पावेल मोल्चानोव यांनी असेच उपकरण उडवले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी अवकाशात गेलेल्या स्पुटनिकचा 'बीप-बीप' जगाने ऐकला, तेही दूरमापनच होते. त्या स्पंदांच्या कालावधीत उपग्रहाच्या आतील तापमान व दाब यांची खूण दडलेली होती.

चारच महिन्यांनी अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ कक्षेत गेला. जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाने त्यावर प्रारणकण मोजणारा गायगर गणक बसवला होता. ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर गणक चक्क शून्य दाखवू लागला. खरे तर तिथे कणांचा मारा इतका प्रचंड होता की गणक संपृक्त होऊन गप्प झाला होता. एक्सप्लोरर-३ च्या नोंदींनी याला दुजोरा दिला आणि पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे उजेडात आले. संकेताचा अभावही संकेतच असतो, हा दूरमापनातला पहिला मोठा धडा. रात्री अमुक वाजता निपचित होणारा आणि सकाळी अमुक वाजता जागा होणारा फोन आपल्या मालकाच्या झोपेची वेळ याच न्यायाने सांगत असतो.

भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कपुस्तिन यार येथून सोडला गेला. ३६० किलोग्रॅमच्या या उपग्रहावर क्ष-किरण खगोलशास्त्र, सौर भौतिकी आणि वातावरणाचा वरचा थर यांविषयीचे प्रयोग होते. काही दिवसांतच वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे हे प्रयोग थांबले; पण उपग्रहाची प्रकृती सांगणारे संकेत त्यानंतरही येत राहिले आणि भारतीय अभियंते त्यांवरूनच उपग्रह चालवायला शिकले. आज इस्रोच्या बेंगळुरूस्थित 'इस्ट्रॅक' या केंद्राच्या नावातच दूरमापन हा शब्द आहे.

या सर्व उपग्रहांमध्ये एक गोष्ट समान होती: टंचाई. वीज कमी, वजन मर्यादित आणि आकडे पाठवण्याचा मार्ग अरुंद. व्हॉयेजर-१ हे यान पृथ्वीकडे साधारण १६० बिट प्रतिसेकंद या वेगाने माहिती पाठवते. या वेगाने २०० किलोबाइटचे एक साधे छायाचित्र पाठवायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. अशा परिस्थितीत प्रत्येक मापनाला आपली जागा मिळवावी लागते. अमुक तापमान दर सेकंदाला हवे की दर मिनिटाला? ते नसले तर कोणता निर्णय अडेल? उत्तर देता आले नाही, तर तो संवेदक यानावर चढतच नाही. टंचाईने शास्त्रज्ञांना शिस्त लावली होती.

संगणकप्रणालींनी दूरमापन स्वीकारले तेव्हा सुरुवातीला ही शिस्त बऱ्याच अंशी टिकून होती. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये एखादा प्रोग्राम कोसळला की चौकट उघडे आणि विचारे: या बिघाडाचा अहवाल पाठवायचा का? वापरकर्ता हो किंवा नाही म्हणू शके. या अहवालांचा उपयोगही खराखुरा होता. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००२ मध्ये सांगितले होते की, सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात आणि केवळ १ टक्का दोष निम्म्या बिघाडांना कारणीभूत असतात. कोणते दोष आधी दुरुस्त करावेत, हे या आकड्यांनी दाखवून दिले. दूरमापन मुळातच वाईट आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरता कामा नये.

पण दुसरी वाटही याच काळात खुली झाली होती. संगीत ऐकण्यासाठीचा 'रिअलज्यूकबॉक्स' हा प्रोग्राम प्रत्येक वापरकर्त्याला एक अनन्य क्रमांक देतो आणि तो कोणते संगीत ऐकतो याची माहिती कंपनीकडे पाठवतो, हे १९९९ मध्ये उघडकीस आले. कंपनीने माफी मागितली व दुरुस्ती जारी केली. त्याच वर्षी इंटेलच्या पेंटियम-३ या चिपमधील अनुक्रमांकावरून वाद पेटला आणि पुढे ती सोय सोडून द्यावी लागली. या दोन्ही प्रकरणांत बिघाडाचा संबंध नव्हता. मोजले जात होते ते यंत्राचे नव्हे, माणसाचे वर्तन.

पुढच्या दीड दशकात साठवण स्वस्त झाली, जोडणी अखंड झाली आणि टंचाईची शिस्त संपली. 'हे का मोजायचे?' या प्रश्नाची जागा 'मोजायला काय हरकत आहे?' या प्रश्नाने घेतली. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत दूरमापन पूर्णपणे बंद करण्याचा पर्यायच नव्हता. फ्रान्सच्या डेटा संरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला नोटीस देऊन अतिरिक्त माहिती गोळा केल्याचा ठपका ठेवला. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने किमान पातळीवर कोणती माहिती गोळा होते याची यादी प्रथमच प्रसिद्ध केली आणि त्या पातळीवरील माहिती जवळजवळ निम्म्याने घटवली. इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. निम्मी माहिती काढून टाकूनही प्रणाली चालू राहिली, सुधारत राहिली. तर मग ती निम्मी माहिती आधी कशासाठी घेतली जात होती?

मुक्त प्रणालीही या वादातून सुटल्या नाहीत. २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध असलेला 'ऑडॅसिटी' हा ध्वनिसंपादक जगभर विद्यार्थी, शिक्षक आणि आकाशवाणीसारख्या माध्यमांत काम करणारी माणसे वापरतात. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुपने तो ताब्यात घेतला. त्यात दूरमापन आणण्याचा प्रस्ताव येताच तीव्र विरोध झाला व प्रस्ताव मागे घेण्यात आला. त्यानंतर जुलैमध्ये आलेल्या गोपनीयता धोरणात, कायद्याच्या अंमलबजावणीसाठी व न्यायालयीन वादांसाठी 'आवश्यक' ती माहिती गोळा करता येईल अशा अर्थाची मोघम तरतूद होती. शिवाय १३ वर्षांखालील मुलांनी प्रोग्राम वापरू नये, असेही म्हटले होते. धोरणाची भाषा चुकली, प्रत्यक्षात फारच थोडी माहिती गोळा होते, असा खुलासा करून कंपनीने ते नव्याने लिहिले.

हा खुलासा खरा मानला तरी मूळ अडचण तशीच राहते. वापरकर्ता ज्याला संमती देतो तो असतो धोरणाचा मजकूर. प्रत्यक्षात काय पाठवले जाते ते त्याला दिसत नाही. आज थोडेच गोळा होत असेल, पण शब्द ऐसपैस असतील, तर उद्या कितीही गोळा करण्याची परवानगी आजच दिली गेलेली असते. आणि हे शब्द वाचतो कोण? २००८ मध्ये दोन अमेरिकी संशोधिकांनी, मॅकडोनल्ड आणि क्रेनर यांनी, हिशेब मांडला: एका व्यक्तीने वर्षभरात भेट दिलेल्या संकेतस्थळांची सर्व गोपनीयता धोरणे वाचायची म्हटली तर वर्षाला सुमारे २०० तास लागतील. 'सहमत आहे' हे बटण दाबणाऱ्याला निष्काळजी म्हणण्यापूर्वी हा आकडा ध्यानात घ्यायला हवा.

अशा वेळी कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते: माहिती निनावी आहे. या दाव्याची परीक्षा साध्या गणिताने करता येते. भारताची लोकसंख्या १४० कोटी आणि पिनकोड सुमारे १९ हजार धरले, तर एका पिनकोडात सरासरी ७४ हजार माणसे येतात. सत्तर वर्षांच्या जन्मतारखा आणि दोन लिंगनोंदी यांचे मिळून सुमारे ५१ हजार कप्पे होतात. म्हणजे प्रत्येक कप्प्यात सरासरी १.४ माणसे. पॉयसाँ वितरणानुसार दर चार माणसांपैकी जवळपास एकजण आपल्या कप्प्यात एकटाच असेल. आता त्यात फोनचे मॉडेल जोडा. सारख्याच प्रमाणात विकली जाणारी दहाच मॉडेले आहेत असे धरले, तरी एकटे पडणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवर जाते. हा ढोबळ अंदाज आहे, पण दिशा स्पष्ट आहे. नाव, दूरध्वनी क्रमांक, पत्ता यांतले काहीही न घेता केवळ चार निरुपद्रवी वाटणाऱ्या नोंदींनी बहुतेक माणसे ओळखता येतात.

प्रत्यक्ष अभ्यासही हेच सांगतात. लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवले की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यांवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोकांना वेगळे काढता येण्याची शक्यता आहे. २०१३ मध्ये १५ लाख मोबाइलधारकांच्या हालचालींच्या अभ्यासात, ठिकाण आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळे ओळखायला पुरेसे ठरले. घर, कार्यालय, शाळा, भाजीबाजार: चार बिंदू पूर्ण होतात.

भारतात नागरिकाच्या हालचालींची नोंद आणि त्याचा हक्क यांचा पहिला मोठा सामना संगणकाच्या कितीतरी आधी झाला. उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांच्यावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी ते सुटले. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाने नोंदवही उघडली. घरावर गुप्त पाळत, रात्री-अपरात्री दारावर थाप, येण्याजाण्याची नोंद, सवयींची चौकशी हे सर्व सुरू झाले. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या गृहभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण उरलेली पाळत वैध मानली. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. सतत पाहिला जाणारा माणूस शरीराने मोकळा असला तरी मनाने मोकळा राहत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. पोलीस हवालदाराच्या वहीतील त्या नोंदी आणि आजच्या ॲपमधील ठिकाणाच्या नोंदी यांत फरक आहे तो वेगाचा, संख्येचा आणि खर्चाचा. हवालदार एकाच माणसामागे फिरू शकत होता.

अल्पमतातला तो विचार बहुमतात यायला ५५ वर्षे लागली. आधार योजनेविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली होती. त्यातून उपस्थित झालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, आधार योजना चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरली. पण त्या निकालातील एक तपशील फारसा चर्चिला गेला नाही. आधार पडताळणीच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याची तरतूद न्यायालयाने अमान्य केली, सहा महिन्यांची मर्यादा घातली आणि व्यवहारांविषयीची उपमाहिती साठवण्याची तेव्हाची पद्धत नामंजूर केली. माणूस काय बोलला एवढेच नव्हे, तो कुठे, केव्हा पडताळला गेला याची नोंदही जपून ठेवण्यासारखी खासगी गोष्ट आहे, हे न्यायालयाने मान्य केले. दूरमापनाच्या वादाचा गाभा हाच आहे.

त्यानंतरच्या घडामोडी सर्वांच्या स्मरणात आहेत. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आरोग्य सेतू ॲपवर ब्लूटूथ आणि ठिकाण दोन्ही नोंदवण्यावरून टीका झाली. मे महिन्यात डेटा जास्तीत जास्त १८० दिवस ठेवण्याचा नियम करण्यात आला आणि अँड्रॉइड आवृत्तीची मूळ आज्ञावली खुली झाली. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने 'मान्य करा, नाहीतर सेवा सोडा' अशा स्वरूपाच्या अटी पुढे केल्या. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच बसवण्याचा आदेश काढला आणि टीकेनंतर काही दिवसांतच ही सक्ती मागे घेतली. कधी सरकार, कधी कंपनी. वाद मात्र एकच होता.

नव्या अधिनियमाआधी आधार होता तो २०११ च्या नियमांचा. त्यांत पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य, जैवमापन अशा मोजक्या गोष्टींना 'संवेदनशील' मानले होते. फोन केव्हा जागा होतो, कोणते ॲप किती वेळ उघडे राहते, या नोंदींना त्या यादीत स्थान नव्हते. २०२३ चा अधिनियम अशी यादी करत नाही. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती सर्व वैयक्तिक माहिती, असे तो मानतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. १८ वर्षांखालील मुलांचा मागोवा घेणे व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे यांना मनाई आहे. शाळा-महाविद्यालयांच्या ॲपवर दिवस काढणाऱ्या पिढीसाठी हे महत्त्वाचे आहे.

तरी दोन शंका उरतात. पहिली, सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे या अधिनियमातून वगळू शकते. दुसरी, नव्या नियमांनुसार प्रक्रियेच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवणे बंधनकारक आहे. आधारच्या बाबतीत सहा महिने ही कमाल मर्यादा होती. इथे एक वर्ष ही किमान मर्यादा आहे. मुख्य तरतुदी लागू होण्यास नियमांनी १८ महिन्यांचा अवधी दिला असल्याने त्यांची खरी परीक्षा २०२७ मध्ये होईल.

विज्ञानाकडे मात्र या पेचावर उत्तरे आहेत, आणि त्यांतले एक भारताच्या चांगल्या परिचयाचे आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज सगळी शेते न मोजता यादृच्छिक नमुन्यावरून बांधून दाखवला. १९५० मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण त्याच विचारावर उभे राहिले. कोट्यवधी वापरकर्त्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या १०,००० जणांची माहिती घेतली, तरी एखाद्या सोयीच्या वापराचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या प्रमाणत्रुटीने कळते. प्रत्येकाची, प्रत्येक क्षणाची नोंद त्यासाठी लागत नाही.

दुसरे उत्तर १९६५ मध्ये स्टॅनली वॉर्नर यांनी सुचवलेल्या कल्पनेतून आले. तिचे एक सोपे रूप असे: उत्तर देणाऱ्याने आधी गुपचूप नाणे उडवावे. छापा पडला तर खरे सांगावे. काटा पडला तर पुन्हा नाणे उडवून त्यानुसार 'हो' किंवा 'नाही' म्हणावे. एकट्याचे उत्तर काहीच सिद्ध करत नाही, पण हजारोंच्या उत्तरांतून नाण्याचा वाटा वजा केला की खरे प्रमाण मिळते. किंमत एवढीच की पूर्वीइतक्या अचूकतेसाठी सुमारे चौपट माणसे लागतात. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी 'डिफरन्शियल प्रायव्हसी' या नावाने या विषयाला काटेकोर गणिती पाया दिला. गूगलने २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरसाठी आणि ॲपलने २०१६ मध्ये आयफोनसाठी अशा पद्धती वापरात आणल्या. २०२३ मध्ये 'गो' या संगणकभाषेच्या साधनांत दूरमापन आणताना ते सर्वांसाठी आपोआप चालू ठेवण्याचा प्रस्ताव टीकेनंतर बदलला गेला. इच्छा असेल त्याने ते चालू करावे, असे ठरले.

म्हणजे उपयुक्त माहिती आणि खासगीपणा यांतले एकच निवडावे लागते, हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. साधने उपलब्ध आहेत. ती वापरण्याची निकड कमी आहे, कारण जास्तीचे मोजण्याचा खर्च मोजणाऱ्याला करावा लागत नाही. उपग्रहाच्या बाबतीत ती निकड भौतिकशास्त्राच्या मर्यादांनी निर्माण केली होती. फोनच्या बाबतीत अशी कोणतीही नैसर्गिक मर्यादा उरलेली नाही, म्हणून ती कायद्याने, नियामकांनी आणि जाणत्या वापरकर्त्यांनीच घालावी लागेल. आज महाविद्यालयांत शिकणाऱ्यांपैकी अनेकजण उद्या अशी ॲप स्वतः लिहिणार आहेत. आर्यभटावर संवेदक बसवणाऱ्यांना जे उत्तर द्यावे लागले होते, ते प्रत्येक नोंदीसाठी लिहून ठेवण्याची सवय त्यांनी लावून घेतली, तर कायद्याचे निम्मे काम तिथेच होईल.